मुसर्रत आपांनी घरी विचारलेला प्रश्न

मुसर्रत आपांच्या तोंडाला लागायची हिंमत फुरुसेतमधली एकही सासू करत नसे. ऑस्लोच्या या टोकाला पाकिस्तानातल्या खारियांकडची इतकी घरं आहेत, की एका जिन्यात कुणी शिंकलं तर तब्येतीची चौकशी तिसऱ्या जिन्यातून येते. अशा वस्तीत बाईनं स्पष्ट बोलायचं म्हणजे खायचं काम नाही. आपा ते हसत करायच्या.

तिथल्या एका इमारतीच्या तळघरात बायकांची 'बैठक' भरते. संस्थेचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते फक्त शमीम बाजींना पाठ आहे, कारण संस्था त्यांनीच काढली. बाकी सगळ्यांसाठी ती बैठकच. तिथे नॉर्वेजियन शिकवतात, पोहायला नेतात, मत कसं द्यायचं ते समजावतात, आणि घरात कुणाचा हात उठत असेल तर फोन कुठे करायचा तेही सांगतात. चहा मात्र इतका गोड असतो की निम्म्या बायकांना साखरेचा आजार त्या तळघरातच जडला असावा, असं डॉक्टरलाही वाटतं.

आपांकडे सोबत जायचं काम होतं. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत, जिथे म्हणून एकटीचा पाय अडखळतो तिथे आपा शेजारी बसायच्या. डॉक्टरनं बाईला विचारावं आणि उत्तर नवऱ्यानं द्यावं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. आपा थोडा वेळ ऐकून घ्यायच्या आणि मग गोड आवाजात म्हणायच्या, "भाईजान, पोट हिचं दुखतंय की तुमचं? मग हिला बोलू द्या की." बाहेर आल्यावर त्या बाईचीही सुटका नसायची. "अगं, अल्लानं तोंड काय फक्त पराठे खायला दिलंय?"

अशा या आपांना स्वतःच्या घरात एक प्रश्न चाळीस वर्षं विचारता आला नव्हता. प्रश्न एवढाच होता, की माझ्या मुलीला कुठे पुरलंय.

ती पहिली मुलगी. आपांना लग्न होऊन इथे आल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. भर हिवाळ्यात ती जन्मली आणि दोन दिवसांत गेली. आपा तेव्हा दवाखान्यात तापानं फणफणल्या होत्या. त्यांचे मियां इनायत ट्राम चालवायचे. त्यांनी बिरादरीतली दोन माणसं बरोबर घेतली, लहानशी पेटी मांडीवर ठेवून कब्रस्तानात गेले आणि संध्याकाळी येऊन खाटेशेजारी उभे राहिले. "झालं," एवढंच म्हणाले. बायकांनी कब्रस्तानात जायचं नसतं हे दोघंही गावाकडूनच शिकून आलेले, त्यामुळे पुढचं बोलणं निघालंच नाही. नंतर रिझवान आणि त्याच्या पाठचा, असे दोन मुलगे झाले, त्यांचे संसार झाले, इनायत रिटायर झाले. जे पहिल्या आठवड्यात विचारलं नाही ते वर्षानं कसं विचारायचं, आणि वर्षानं विचारलं नाही ते दहा वर्षांनी कुठल्या तोंडानं? आपांनी मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस दगड आहे. एरवी लाख चांगला, पण तेवढ्यापुरता दगड.

गेल्या नोव्हेंबरात निमराचं बाळ पोटातच गेलं. निमरा बैठकीतली सगळ्यांत धाकटी, झेलमहून लग्न करून आलेली. आपा पंजीरीचा डबा घेऊन तिच्या घरी पोचल्या. पंजीरी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवांची सख्खी बहीणच. रवा, साजूक तूप, डिंक, बदाम, सगळं बाळंतिणीच्या कमरेसाठी. दार सासूनं उघडलं आणि डबा बघून ती गोरीमोरी झाली.

"आपा, पाळण्यात मूल नाही आणि पंजीरी कशाची आणलीत?"

"मूल नाही म्हणून पोरगी बाळंत झाली नाही का?" आपा चपला काढत म्हणाल्या. "कंबर तिची मोडलीय. दूध यायचं थांबलंय का, ते तरी विचारलंत तिला?"

सासू बाजूला झाली. आत निमरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आपांनी तिच्या केसांवरून हात फिरवला तशी ती म्हणाली, "उद्या मुलीला पुरायला नेणार आहेत. अदील आणि अब्बाजी. मलाही जायचंय, आपा. मला कुणी विचारलंच नाही."

आपा उठून बाहेरच्या खोलीत आल्या. निमराचा नवरा अदील सोफ्यावर डोकं धरून बसला होता.

"अदील बेटा, उद्या निमरा बरोबर येतेय."

"आपा, माझं काही नाही, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांनी पोटात वागवलं होतं का तिला?"

"आमच्याकडे बायका नाही जात हो," सासू दारातून म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती भीती होती.

"आमच्याकडेही नव्हत्या जात," आपा म्हणाल्या. "म्हणून तर सांगतेय."

दुसऱ्या दिवशी निमरा गेली. आपांचा हात तिनं गाडीत बसल्यापासून सोडला नव्हता. कब्रस्तानाच्या फाटकाशी मात्र आपांचेच पाय थिजले. आत उजव्या अंगाला लहान मुलांच्या कबरी होत्या. बुटके दगड, ओल्या पानांत बुडालेले, कुठे कुठे काचेच्या दिव्यात मेणबत्ती. त्यांतला एखादा आपला असेल, किंवा नसेलही. कबरीची मुदत कुणी वाढवत राहिलं नाही तर इथे जागा दुसऱ्याला देतात, हे आपांनी ऐकलं होतं. आपण पुढे टाकू ते पाऊल नेमकं तिच्यावर पडलं तर? त्या निमराला म्हणाल्या, "तू हो पुढे. अदील आहे ना. मी इथेच थांबते." जिच्या सोबत गेल्या तिला असं अर्ध्यावर सोडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. निमरा परत येईपर्यंत त्या भुरभुर पावसात फाटकाचा गज धरून रडत होत्या.

निमरा आली ती हाताला माती तशीच ठेवून. "आपा, मी तिला माती दिली," ती म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्ही आत का नाही आलात?"

"माझीही एक आहे आत," आपा म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "कुठे आहे, मला ठाऊक नाही."

"चाचाजींना ठाऊक असेल ना?"

"असेल."

निमरानं बाहीनं डोळे पुसले. "मग विचारा की. तोंड काय फक्त पराठे खायला दिलंय?"

आपा घरी आल्या तेव्हा इनायत टीव्हीवर क्रिकेट बघत संत्रं सोलत होते. आपांनी कोट काढला नाही, की पिशवी खाली ठेवली नाही.

"रिझवानचे अब्बा, माझी मुलगी कुठाय?"

इनायतनी टीव्ही बंद केला. कोणती मुलगी, असं काही त्यांनी विचारलं नाही. सोललेलं संत्रं बशीत ठेवलं, हात पुसले आणि गाडीची किल्ली घेतली. "बूट काढू नकोस," ते म्हणाले.

फाटक तेच होतं. इनायत पाटीकडे न बघता, रोजच्या मार्गावरून ट्राम न्यावी तसे चालत होते. एका बर्चच्या झाडाखाली ते थांबले. तिथे एक लहान करडा दगड होता, त्याच्यापुढे जांभळ्या फुलांची कुंडी आणि अर्धी जळलेली मेणबत्ती. गुडघ्यांवर हात टेकत ते खाली बसले, दगडावरची पानं त्यांनी झटकली आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "बेटा, बघ, कोणाला आणलंय. अम्मी आली."

आपांना आधी रडू आलं आणि त्याच्या मागोमाग प्रचंड राग आला.

"किती वेळा येता इथे?"

"जुम्म्याला. नमाजहून परतताना."

"चाळीस वर्षं?"

"ड्युटी असली तर शनिवारी यायचो."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू कधी विषय काढला नाहीस," इनायत म्हणाले. "मला वाटलं, तू कसंबसं विसरलीयस. आपण बोलून खपली काढायची, तेवढी छाती झाली नाही माझी."

"विसरले? मी तुम्हाला दगड समजत राहिले, इनायत." नवऱ्याला त्यांनी जन्मात नावानं हाक मारली नव्हती. "दर शुक्रवारी तुम्ही लेकीला भेटून घरी यायचात, मी तुम्हाला गरम रोटी वाढायचे, आणि मला पत्ता नाही. माझ्या वाटणीचं दुःखही तुम्ही एकट्यानं घेऊन बसलात."

इनायतच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. आपा त्यांच्या शेजारी ओल्या गवतात बसल्या. त्यांनी दगडावर हात ठेवला, बोटांनी चाचपलं. बापाचं नाव होतं, साल होतं, आणि त्याच्या वर तळहाताएवढी जागा कोरी होती.

"हिचं नाव का नाही घातलं?"

"सातव्या दिवशी ठेवायचं होतं. तो दिवस आलाच नाही," इनायत म्हणाले. "आणि नाव तू ठरवलं होतंस. मला सांगत नव्हतीस, हसायचीस नुसती. माझ्या मनानं कसं घालू? कारागिराला म्हटलं, ही जागा तिच्या आईची आहे, सोडून दे."

आपांनी त्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला. मग त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"तुम्ही फाटकापाशी जाऊन थांबा," त्या म्हणाल्या. "आधी तिला सांगते. मग तुम्हाला."