एक चप्पल फाटकापाशी

चप्पलमामा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. वसईच्या पूर्वेला, अभयारण्याच्या फाटकावर ते रोजंदारीचे पहारेकरी होते. धबधब्याकडे जाणाऱ्या प्रत्येकानं एक चप्पल त्यांच्यापाशी काढून ठेवायची. एकच, डावी. दुसरी हातात घ्या नाहीतर पिशवीत टाका. संध्याकाळी परत येताना आपली ओळखायची आणि न्यायची.

लोक हसत. देवळात दोन काढतात, इथं एकच, म्हणजे देव अर्धाच आहे का, असं एकानं विचारलं होतं. मामा म्हणाले, "देव पुरा हाय. तुमी पुरे परत येता का ते बघतो." अनवाणी माणूस शेवाळावर जपून चालतो, आणि एका चपलेवर कोणी घरी जात नाही. एवढं साधं त्यांचं शास्त्र. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, त्यातून पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, की मामा फाटकाला बांबू आडवा टाकत. मग तुम्ही कोणाचे कोण लागता हे सांगून उपयोग नसे. "पानी वळख इचारत नाय," एवढंच म्हणत आणि बिडी पेटवत.

मी तेव्हा नायगावला भाड्याच्या खोलीत राहत होते. मूळची जालन्याकडची. सातवीत शाळा सुटली आणि पुढे लांबच्या मावशीच्या ओळखीनं इकडे पॅकिंगच्या कामाला लागले. मुळातच घाबरट, खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघणारी. आमच्या गावाला पाणी टँकरनं येई. नुसतं पडून वाया जाणारं पाणी असतं तरी कसं, ते बघायला एका रविवारी कंपनीतल्या बायकांबरोबर गेले. उतरताना पाय मुरगळला म्हणून कातळाआड टेकले. पहिल्या टमटममधल्या बायकांना वाटलं मी दुसरीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं मी पहिलीतून गेले. दोन्ही टमटम निघून गेल्या.

मला ओरडायचीही लाज. ओरडायचं तरी कोणाच्या नावानं? तेवढ्यात खालून हाक आली, "निळ्या पट्ट्याची बाय, कुठं हायेस?" मामा वर चढत होते आणि त्यांच्या हातात माझी चप्पल होती. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं, कोण कुठली ते माहीत नव्हतं. फाटकाशी एक चप्पल उरली, एवढंच माहीत होतं. या मुलखात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. मी परतले की नाही, हे पहिल्यांदाच कोणीतरी बघितलं होतं.

त्यानंतर सुट्टीला मी कधीमधी फाटकावर जाऊन बसू लागले. मामा मला निळा पट्टाच म्हणत.

मग एका पाहुण्यानं तक्रार केली. त्याचे बूट भारीतले होते आणि ते चिखलात ठेवायला लावणं हा त्याला अपमान वाटला. वरचे साहेब गाडीतून आले, चपलांची रांग बघून म्हणाले, हे अभयारण्य आहे की मोच्याचं दुकान? त्यांनी चपला बंद करून एक जाडजूड वही दिली. जाताना नाव लिहायचं, येताना खूण करायची. मामांनी वही उलटीसुलटी करून बघितली आणि मला हळूच म्हणाले, "वहीला पाय नसतात, बाय."

लोक वहीत काय वाटेल ते लिहीत. कोणी नुसतं 'आम्ही सगळे' लिहून जाई. त्याच पावसाळ्यात पाच पोरं आली, एकानं आपलं नाव लिहून पुढे 'आणि मित्र' असं टाकलं. संध्याकाळी त्यानंच खूण केली. मामांनी विचारलं तर म्हणाला, आलो सगळे, एक जण पुढे गेलाय. मामांना पटेना. वर जाऊन बघतो म्हणून त्यांनी साहेबांना फोन लावला. उत्तर आलं, वही जुळते ना? मग फाटक बंद करा.

तो पोरगा दुसऱ्या दिवशी कातळांच्या बेचक्यात सापडला. पाय मोडलेला. पहाटेपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले. चौकशी झाली. वही बरोबर निघाली, म्हणून चूक मामांची ठरली. उद्यापासून येऊ नका, असं त्यांना तोंडीच सांगितलं. ज्यानं वही आणली त्याला कोणी काही विचारलं नाही. फाटकावर फलक मात्र लागला : 'पर्यटकांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावे.' मला आजही त्या ओळीची चीड येते. वही आणायची तुम्ही, नियम करायचे तुम्ही, आणि जबाबदारी मेलेल्याची? हाक मारत वर कोण जाणार, तो फलक?

मामा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याच्या दोनी चपला वर कातळावर व्हत्या. एक माज्याकडं असती, तर सांजेलाच गेलो असतो."

पुढे कंपनी बंद पडली आणि मी गावी परतायचं ठरवलं. निरोप घ्यायला चांदीप गावाच्या पलीकडे मामांच्या घरी गेले. चहा झाला, निघाले, तर दाराशी माझी एकच चप्पल. डावी मामांच्या मांडीशी होती. बोलता बोलता कधी उचलली, त्यांनाच कळलं नव्हतं. ते ओशाळले. मी म्हटलं, राहू द्या मामा, परत येईन तेव्हा नेईन.

"मंग ये, निळा पट्टा," ते म्हणाले. "मी बघत बसतो."

माझं जाणं झालं नाही. दोन वर्षांनी त्यांच्या सुनेचा फोन आला, मामा गेले. चप्पल शेवटपर्यंत खुंटीवर होती, कोणाला हात लावू देत नव्हते.

आता दर पावसाळ्यात तिकडे बंदीचा कागद निघतो आणि लोक मागच्या वाटेनं आत जातात. कोणी बुडाल्याची बातमी आली, की मी आधी त्याच्या चपलांचं काय लिहिलंय ते शोधते. दोन्ही कातळावरच सापडलेल्या असतात.