गवसणीकाकूंचा टीव्ही

गवसणीकाकूंच्या घरात उघडी वस्तू म्हणून सापडायची नाही. मिक्सरला गवसणी, टेबलपंख्याला गवसणी, पाण्याच्या पिंपाला तर झालर लावलेली गवसणी. उभा जन्म शिवणकामात गेलेला. हातभर कापड उरलं की काकूंचे हात शिवशिवायचे. शेजारी म्हणत, काकूंकडे फार वेळ एका जागी बसू नका, तुमचंही माप घेतील. काकूंच्या कानावर ते यायचं आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

घरात माणसं मोजकी. मुलगा ट्रकवर, आज या गावात तर उद्या त्या. सूनबाई लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स. आणि नात, नुकतं कुठे नीट बोलायला लागलेली, तिला सगळे भिंगरी म्हणत. का म्हणत ते विचारू नका, एकदा बघितलं की कळायचं. सून ड्युटीवर गेली की भिंगरी दिवसभर काकूंच्या ताब्यात. मशीनखाली बसून चिंध्यांची घरं करायची, काकूंच्या पायाला चिंध्या गुंडाळायची. काकू सकाळी उठायच्या त्या या पोरीसाठी, बाकी सगळं निमित्त.

पण अलीकडे सूनबाईंच्या बोलण्यात पाळणाघर यायला लागलं होतं. दवाखान्याच्या शेजारीच आहे, बायका चांगल्या आहेत म्हणे. आई, तुम्हाला तिच्यामागे धावणं झेपत नाही आता, असं ती मायेनं म्हणायची. माया होती हे काकूंना दिसत होतं, पण म्हणून धास्ती थोडीच कमी होते? पोर गेली तर दिवस कुणाच्या तोंडाकडे बघून काढायचा?

अशात सूनबाईंनी नवा टीव्ही घेतला. चांगला मोठा, पातळ, दोन बारीक पायांवर उभा राहणारा. बसवायला फिटर आला. जुन्या खणांच्या कपाटावर त्यानं तो ठेवला, वायरी जोडल्या, चॅनेल लावून दिले आणि मग काकूंना शाळेतल्या पोरीसारखं समोर बसवून सगळं समजावलं. मागे चार बोटं मोकळी ठेवा, याला वारा लागतो. वर कापड टाकू नका. एकाच बोर्डावर टीव्ही आणि इस्त्री नको. आणि मुख्य म्हणजे हा पट्टा. टीव्हीच्या पाठीला आणि भिंतीला बांधायचा, म्हणजे पुढे कलंडत नाही, घरात लहान मूल आहे. त्या दिवशी त्याच्या ड्रिलनं दगा दिला, म्हणून पट्टा काकूंच्या हातात देऊन तो म्हणाला, दोन दिवसांनी येऊन लावतो.

आता चूक बघा कशी होते. तुमच्या-माझ्या हातात तो पट्टा असता तर कुठल्यातरी खणात पडला असता. काकूंनी तो बोटांवर ओढून बघितला. काय वीण, काय काठ! असला पट्टा बाजारात शोधून मिळत नव्हता, आणि हा टीव्हीच्या पाठीमागे धूळ खाणार? संध्याकाळपर्यंत त्याचे दोन तुकडे होऊन सूनबाईंच्या डब्याच्या पिशवीला नवे बंद लागले होते. फिटर परत आला तेव्हा काकूंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. आमच्या घरात काही वादळं येत नाहीत, म्हणाल्या. सूनबाईंनी विचारलं, पट्टा लावून गेला का तो? काकू म्हणाल्या, झालं सगळं. इतकं साधं खोटं, की बोलताना त्यांना ते खोटं वाटलंही नाही.

आणि गवसणी? ती तर झालीच. मऊ जाड कापडाची, खालच्या काठाला रंगीत गोंडे. टीव्ही बंद केला रे केला की काकू ती चढवायच्या. कधी कधी तर टीव्ही गरम असतानाच. फिटरचं बोलणं त्यांनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं, हट्टी बाईला कुणी सांगावं?

त्या दुपारी काकू मशीनवर होत्या. खण सरकल्याचा आवाज आला, म्हणून त्यांनी मान वर केली. भिंगरीनं कपाटाचा खालचा खण ओढला होता, त्यात पाय देऊन ती उभी होती आणि दोन्ही मुठींत गोंडे धरून लोंबकळत होती. गवसणी ताणली गेली आणि तिच्यासोबत टीव्ही पुढे झुकला.

काकू कशा पोचल्या ते त्यांचं त्यांना माहीत नाही. गुडघ्यांची दुखणी कुठल्या कुठे गेली. टीव्हीची कड त्यांच्या मनगटावर आदळली आणि भिंगरीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. त्यांनी छातीनं रेटून तो मागे उभा केला आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं. भिंगरीला तो खेळ वाटला होता. ती हसत म्हणत होती, पुन्हा. काकूंना रडू फुटलं.

मग त्या शांत झाल्या आणि विचार करू लागल्या. टीव्हीला ओरखडासुद्धा नव्हता. पोर एवढं सगळं सांगण्याइतकी मोठी नव्हती. मनगट सुजत होतं, पण दारात आपटलं म्हटलं की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सांगितलं तर? तर उद्यापासून पाळणाघर, यात शंकाच नव्हती. सूनबाई रोज असलीच मुलं बघत होती, पडलेली, भाजलेली, अंगावर काही कोसळलेली. ती कशाला ऐकून घेईल? काकूंनी गवसणी काढून घडी घातली. आपण गप्प बसलो तर पोर आपल्याजवळ राहील, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरं यायचं, की पट्टा अजून नाहीच आहे.

संध्याकाळी सूनबाई आली, हातपाय धुऊन बसली. काकूंनी तिच्यासमोर चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गोंडे, खण, मनगट, फिटरला परत पाठवलेलं, आणि ते खोटं.

सूनबाईंनी मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. बंदांवरून बोट फिरवलं.

"हा तो पट्टा?"

"तोच."

"डोक्यात पडला असता तर, आई?"

सूनबाईंनी चहाला हात लावला नाही. भिंगरीला कडेवर घेऊन ती आत गेली आणि त्या रात्री घरात कामापुरतंच बोलणं झालं.

सकाळी सूनबाईंनी रजा घेतली आणि फिटरला बोलावलं. नवा पट्टा आला, भिंतीला भोकं पडली, टीव्ही जागेवर घट्ट बसला. खण काढून कपाटात खाली ठेवणीच्या जड गोधड्या भरल्या. फिटरनं गवसणीकडे बघितलं, पण बोलला नाही, शहाणा होता. काकू या सगळ्यात नव्हत्या. त्या आत बसून भिंगरीचे दोन जोड कपडे, टॉवेल, तिची पाण्याची बाटली एका पिशवीत भरत होत्या. सुजलेल्या हातानं घड्या नीट पडत नव्हत्या.

फिटर गेल्यावर सूनबाई आत आली आणि पिशवी बघून थबकली.

"हे काय?"

"पाळणाघरासाठी," काकू म्हणाल्या. "तू म्हणायच्या आधी मीच भरली. तुला बोलायला जड जाऊ नये."

सूनबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं काकूंचा हात हातात घेतला, सूज दाबून बघितली, बोटं हलवायला लावली. हाड शाबूत होतं. मग हात न सोडताच म्हणाली,

"तिथं असं काही झालं, तर मला येऊन कोण सांगणार, आई?"

बाहेरच्या खोलीत भिंगरी गोधड्या ओढून काढायला बघत होती आणि त्या काही हलत नव्हत्या. सूनबाईंनी पिशवी उलटी केली आणि कपडे एकेक करून काकूंच्या मांडीवर ठेवले.