मामांच्या सुरुंगाविरुद्ध

माझे थोरले मामा आमच्या तालुक्यात विहिरींचे सुरुंग लावत. स्वतः चौथी शिकलेले. मला इंजिनिअर त्यांनी केलं. वडील गेल्यावर ते मला आपल्या घरी घेऊन आले आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "वातीला हात लावलास तर तंगडं मोडीन. तुझे हात लिहायचे आहेत." त्यामुळे सुरुंगाचं माझं लहानपणचं ज्ञान म्हणजे दोनशे पावलांवरून, मांडीवर पुस्तक आणि कानांत बोटं घालून ऐकलेला आवाज.

मेलबर्नच्या एका सल्लागार कंपनीत मुलाखत झाली, तेव्हा साहेबाने विचारलं, सुरुंगकामाचा अनुभव आहे का. मी खरं तेच सांगितलं, "आमच्या घरातच आहे." साहेब खूश झाला. खाणकामाची पदवी होतीच, पण त्या दिवसापासून मी ऑफिसात सुरुंगांचा जाणकार ठरलो. हे मी अभिमानाने मामांना कळवलं. मामांनी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात सांगितलं, म्हणजे तालुक्याला कळलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे एक अजब काम आलं. अणुभट्टीतला कचरा शेकडो मीटर खोल कातळात, हजारो वर्षांसाठी पुरायचा. तर तो कातळ खोदायचा कसा, याचा अभ्यास. ऑस्ट्रेलियात अणुवीज नव्हतीच. कचरा परक्याचा, भुयार कागदावरचं, भांडण मात्र आमचं खरंखुरं.

साहेबाने दोन बाजू वाटून दिल्या. सुरुंग माझ्याकडे. कातळ गोल कोरत पुढे सरकणारं यंत्र माझ्या सहकाऱ्याकडे. तो वसईचा ख्रिस्ती, मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात आमच्या मागच्याच रस्त्यावर राहणारा. एकाच गाडीने जाणं-येणं, आणि वाटभर जुगलबंदी.

"काय सुरुंगवाले, नारळ कधी फोडायचा?"

"तुझं यंत्र वळायला शिकलं की," मी म्हणायचो. "वाटेत खराब दगड आला तर ते काय रिव्हर्स घेणार? सुरुंग हवा तिकडे नेता येतो."

"येतो, पण जाता जाता कातळाला तडे देऊन जातो त्याचं काय?"

"जपून लावला तर नाही देत. माझे मामा..."

"आले मामा! अरे, रिपोर्टमध्ये संदर्भ म्हणून टाक ना त्यांना. चौथी पास, सोबत पत्ता."

मी हसायचो, पण सगळं अडलं होतं ते त्या तड्यांपाशीच. पुरलेल्या कचऱ्याला भीती पाण्याची. भुयाराच्या भिंतीत तडे असले, की पाणी त्यातून शिरणार आणि विष बरोबर घेऊन बाहेर पडणार. आणि मी तर मामांना आधीच लिहून बसलो होतो, "तुमचीच पद्धत निवडली जाईल, काळजी नसावी."

शेवटी साहेबाने आम्हा दोघांना एक जुनी खाण बघायला पाठवलं. तिथे एकाच ग्रॅनाइटमध्ये एक बोगदा जपून लावलेल्या सुरुंगांनी काढलेला होता, आणि त्याला लागूनच यंत्राने कोरलेला एक तुकडा. सहकाऱ्याने तडे मोजायची पेटी मोठ्या थाटात उघडली. तिची बॅटरी घरी चार्जिंगला लावलेली होती आणि तिथेच राहिली होती.

"मामांना सांगू नकोस," तो म्हणाला.

मी खाणीतल्या माणसाकडे बादलीभर पाणी मागितलं.

लहानपणी सुरुंग उडून, दगड उपसून झाले की मात्र मला विहिरीत डोकावायची परवानगी असे. मामा भिंतीवर पाणी मारायचे आणि विडी ओढत बसायचे. वाळताना सपाट दगड आधी फिका पडतो; भेगेत पाणी मुरलेलं असतं, तिची काळी रेघ मागे राहते. रेघ दिसली की मामा खुलायचे. झरा त्या अंगाला; पुढचं भोक तिथे.

"भिंत धुवायला आलायस का?" सहकारी म्हणाला. पण त्यानेही एक बादली उचलली. दोन्ही भिंती भिजवून, पंख्याच्या वाऱ्यात आम्ही सँडविच खात बसलो.

यंत्राची भिंत सरळ फिकी झाली. दोन-तीन रेघा, त्याही दगडाच्या मूळच्याच असाव्यात. माझी भिंत वाळली तेव्हा सुरुंगाच्या प्रत्येक भोकाभोवती काळ्या रेघांचं जाळं होतं. मामा असते तर आनंदाने ओरडले असते. सहकारी चिडवेल म्हणून मी वाट पाहत होतो. तो चिडवेना, तेव्हा मला खरं वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही बॅटरीसकट पेटी नेली. तिनेही तेच सांगितलं.

"तुला सुरुंगाची बाजू मांडायला सांगितलीय, तू मांड," परतताना तो गाडीत म्हणाला. "मामांना इथलं काय कळणार आहे?"

"दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी त्यांना कळेल," मी म्हणालो.

रिपोर्ट दिला त्याच दिवशी मी हे पत्र टाकलं:

तीर्थरूप मामा, साष्टांग नमस्कार.

तुमची पद्धत निवडली जाईल असं मागे लिहिलं, ते घाईने लिहिलं. खाली उतरायच्या वाटेला मी सुरुंगच सुचवला आहे. पण कचरा ठेवायचा तिथे यंत्र हवं, असं माझ्याच सहीने लिहून दिलं. भिंतीवर पाणी मारून बघितलं, तुम्ही बघता तसंच. तुम्हाला जन्मभर दगडात भेग हवी होती, इथे ती नको आहे. यात तुमचं कसब कुठे उणं पडलं नाही. हे कुठे शिकलास असं साहेबाने विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं. त्याने रिपोर्टात "विहीर खोदणाऱ्यांची जुनी पद्धत" एवढंच ठेवलं. मी भांडलो, पण त्याने ऐकलं नाही.

स्टँडवर तुम्ही काय काय सांगून ठेवलंय, मला ठाऊक नाही. विचारलं कोणी तर म्हणा, भाचा कच्चा निघाला. रागावलात तर रागाचं पत्र लिहा, चार पानी लिहा. नुसतं लिहायचं थांबवू नका.