कुशाबाभाऊंचा कोळंबी मस्का

लालबागच्या आमच्या चाळीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नसे. त्यामुळे गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेल्यावर शेजारच्या कुशाबाभाऊंचं दार दुपारचं बंद दिसायला लागलं, तेव्हा सगळ्या गॅलरीचे कान टवकारले. त्यात आतून धप्‌ धप्‌ आवाज यायचा आणि फटीतून वास यायचा तो लसूण परतल्याचा, कोळंबीचा आणि चक्क बटरचा! आमच्या घरी तेव्हा पेज आणि सुकटाची चटणी. कोपऱ्यातल्या खोलीतले अण्णा एकदा दबक्या आवाजात म्हणाले, "कुशाबा मालकांक जावन मिळालो की काय?"

ते ऐकून मला वाईट वाटलं. कुशाबाभाऊ गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे, देवगडकडचे, हजरजबाबी माणूस. संप लांबला तसे ते मुके होत गेले. गॅलरीत कठड्याला टेकून बसायचे. कुणी काही विचारलं तरी नुसती मान हलवायचे. घर चालत होतं ते त्यांच्या बायकोवर, मालनवहिनींवर. त्या गिरगावात खोताच्या वाडीत एस्मी आंटीकडे कामाला जायच्या. आंटी लग्नाबारशांना सँडविच, पॅटिस असलं पार्टीचं खाणं करून द्यायची.

बंद दारामागची हकीकत वहिनींनी मला मागाहून सांगितली.

आंटीचा सगळ्यात मागणीचा जिन्नस म्हणजे कोळंबीचा मस्का. कडक टोस्टच्या छोट्या तुकड्यांवर लावून जेवणाआधी फिरवायचा. कोळंबी लसणीवर परतायची, बटरबरोबर खलात कुटायची, लिंबू पिळायचं, मिरपूड घालायची. मिक्सरमध्ये फिरवली तर तिची खळ होते, म्हणून आंटी हातानेच कुटायची. पण तिची मनगटं सुजली आणि नेमकी तिच्याच पुतणीच्या लग्नाची तारीख जवळ आली. मग वहिनी म्हणाल्या, "आंटी, खल माझ्याकडे द्या. मी घरी कुटून बघते."

सकाळभर भांडी घासलेले हात ते. घरी कुटायला बसल्या खऱ्या, पण बत्ता वर उचलवेना. कुशाबाभाऊ बराच वेळ नुसते बघत होते.

"अगो, कुटतेस की कुणाचं दार ठोठावतेस?"

कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं अख्खं वाक्य. वहिनींना हसावं की रडावं कळेना. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही दाखवा कुटून."

"आधी दार लाव," भाऊ म्हणाले.

तिथून ते दार बंद व्हायला लागलं. भाऊ कुटायला बसले की वेळेचं भान नसे. कोळंबीच्या टरफलांत खरी चव आहे, हे आंटीने वहिनींना सांगितलं होतं. ती टरफलं बटरमध्ये तळून गाळायची, पण आंटीकडच्या फडक्यातून बटर उतरता उतरत नसे. भाऊंनी ट्रंकेतून मिलमधून आणलेला मलमलचा तुकडा काढला, बोटांत धरून उजेडासमोर बघितला, धुऊन वाळवला आणि त्यातून गाळलं. बटर खाली उतरलं ते केशरी, झुळझुळीत. "मालन, हे बघ! हे बघ तरी!" भाऊ लहान पोरासारखे ओरडले आणि लगेच आवाज कुणी ऐकला तर नाही ना, म्हणून दाराकडे बघू लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र बिंग फुटलं. शिवडी कोळीवाड्याची पुतळाबाई बाजारात मासळी घेऊन बसायची; घरी कोण कुटतं ते वहिनींनी फक्त तिलाच सांगितलं होतं. मालनवहिनी घेतलेल्या कोळंबीची एक पिशवी तिच्या पाटीपाशीच विसरल्या, ती द्यायला पुतळाबाई स्वतः जिना चढून आली.

"ए कुशाबा! दार उघर! तुजी कोलंबी घे! आनी कालची बारीक कुटली का बरोबर?"

सगळी गॅलरी बाहेर आली. दार उघडलं. गंजीफ्रॉकवर, हातात बत्ता, कोपरापर्यंत केशरी मस्का लागलेले कुशाबाभाऊ! कुणी काही बोलायच्या आत अण्णा पुढे झाले. "कुशाबा, ह्यां काय?"

भाऊंचे कान लाल झाले. पण आवाज फुटला. "आंटीची ऑर्डर आहे. मालनच्या हाताला आराम म्हणून मी कुटतो. लपवलं, कारण लाज वाटत होती. आता नाही वाटत. चाखायचंय?"

अण्णांनी बोट बुडवलं आणि चाटलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मालन," अण्णा म्हणाले, "पाव आसत काय गो घरात?"

मग जे व्हायचं तेच झालं. कुणी पाव आणले, कुणी तव्यावर शेकले. "अहो, उद्याचं लग्न आहे!" म्हणत वहिनी कपाळाला हात लावून उभ्या, आणि भाऊ प्रत्येकाच्या पावावर मस्का फासताहेत. कितीतरी महिन्यांनी चाळीत कुणी पोट धरून हसत होतं. अण्णांनी दुसरा पाव घेताना भाऊंच्या पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुझ्याबद्दल वायट बोललंय, रे." भाऊ म्हणाले, "अण्णा, आधी खा. मग कोळंबी सोलायला बसा."

आणि बसले की! चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले अण्णा, मी, शेजारणी आणि सगळ्यांवर ओरडत मधोमध पुतळाबाई. "काला धागा काढ रं, नायतं कडू होल!" पुरेल म्हणून आणलेलं बटर कमी पडलं, तर एकीने बाळंतिणीसाठी कढवायला ठेवलेलं लोणी आणून दिलं. संध्याकाळच्या आत दोन्ही डबे भरले.

दुसऱ्या दिवशी डबे पोचवायला भाऊ स्वतः गेले. आंटीने टोस्टचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कुशाबा, हे माझ्यापेक्षा मऊ झालंय. बटरमध्ये काय घातलंस?" भाऊंनी एक शेजारीण आणि तिचं लोणी, सगळं खरं सांगून टाकलं. आंटीने त्यांना परत जाऊच दिलं नाही. नवरीमुलीचा मामा ताटलीसाठी तीनदा स्वयंपाकघरात डोकावला, तेव्हा आंटीने भाऊंचा दंड धरून त्यांना मांडवात नेलं. "ज्याने बनवलंय तो हा." बँडवाल्यांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. तो घाव होताच, पण भाऊ पुन्हा कठड्याला टेकून बसले नाहीत. आंटी थकल्यावर तिच्या ऑर्डरी हे दोघे घेऊ लागले. दादर, परळ, गिरगाव, कुठे साखरपुडा, कुठे वाढदिवस. दार सताड उघडं आणि भाऊंचं तोंड त्याहून उघडं. रोज सकाळी बाजारात पुतळाबाईशी कोळंबीच्या ताजेपणावरून त्यांचं असं जोरदार भांडण रंगायचं की बाकीची गिऱ्हाईकं आपली खरेदी सोडून ऐकत उभी राहायची.