मालकाच्या पाच खेपा

१९६६ सालच्या मे महिन्यातला एक शनिवार. मजुरीसाठी बाजूला काढलेली रक्कम रुपये बारा. हजर: कौलं परतायला आलेले चार गडी, माझी बायको आणि मी. पाचवा माणूस दुपारी चार वाजेपर्यंत हजर नव्हता, आणि सगळा घोटाळा त्याच्यामुळेच झाला.

त्या सुमारास आमच्या मालवणच्या चर्चमध्ये लॅटिन मागे पडून मराठी येऊ लागली होती. फादरांनी वाडीला शुभवर्तमानाची एक मराठी प्रत दिली. ती प्रत्येक घरी तीन दिवस राहायची, आणि सांजेच्या प्रार्थनेनंतर घरातल्या कर्त्या माणसाने मोठ्याने वाचायची. तोवर देव लॅटिनमध्ये बोलत होता आणि मी मान हलवत होतो. तो मराठीत बोलू लागल्यावर पंचाईत झाली, कारण आता त्याचं म्हणणं मला कळू लागलं.

गुरुवारी प्रत आमच्याकडे आली. वाचायला निघाली ती येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट. मालक सकाळी मजूर ठरवतो, दिवसाला एक दिनार. मग दिवसभर आणखी माणसं आणत राहतो. शेवटची माणसं तर दिवस मावळायला तासभर उरला असताना येतात. संध्याकाळी पैसे वाटताना सुरुवात शेवटच्यापासून, आणि सगळ्यांना एकेक दिनार.

मी तिथेच थांबलो आणि वही काढली.

"शेवटच्याक बारापट दर पडलो," मी म्हणालो. "असो मळो दोन हंगाम चलाचो नाय."

"तुमका वाचूक सांगितलासा, तपासूक नाय," बायको म्हणाली.

"चूक दिसली तर बोलू नको?"

"बोला. फादरांका जावन सांगा, देवाची बेरीज चुकली म्हणान."

शुक्रवारी मी तीच गोष्ट पुन्हा वाचली. उत्तर तेच आलं.

शनिवारी काम सुरू झालं. अंदाजापेक्षा जास्त कौलं फुटकी निघाली, म्हणून चारच्या सुमारास मी नवी वीस आणायला बाजारात गेलो. पिंपळाच्या पारावर एक म्हातारा खलाशी बसला होता. तोंडओळखीचा. हात कापायला लागल्यापासून त्याला होडीवर कोणी घेत नव्हतं, म्हणून मजुरीला कोणी नेतं का ते बघत तो तिथे बसायचा.

"तुमी सकाळपासून हंयच?" मी विचारलं.

"हंयच. कोणी नेलां नाय."

मी चपापलो. गोष्टीतले शेवटचे मजूर मालकाला नेमकं हेच सांगतात. मला दुसरं काही सुचेना.

"फुटकी कौलां येचूची आसत. येवा."

दर मात्र लगेच सांगितला. नऊ तासांचे तीन रुपये, दीड तासाचे पन्नास पैसे. तो बरं म्हणाला. घरी त्याची बायको तांदळाची वाट बघत असणार आणि पन्नास पैशांत दोघांचं पोट भरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते माझ्या गणितात बसत नव्हतं.

तो हळू चालत होता, त्यामुळे मलाही हळू चालावं लागलं. रिकामं डोकं मला चालत नाही, म्हणून मी त्या मालकाच्या खेपा मोजल्या. पहाटे एक, नऊला एक, बाराला, तीनला आणि पाचला. पाच. मजूर किती लागतील ते मोजता येणारा माणूस सकाळी एकदाच बाजारात जातो. मी स्वतः आलो होतो तो कौलांसाठी. हा मालक पाचला पुन्हा जातो, तेव्हा मळ्यात तासाभराचंच काम उरलेलं असतं. म्हणजे तो द्राक्षांसाठी जात नव्हता. पारावर कोण राहिलंय ते बघायला जात होता.

मजुरांचे तास मी दोनदा तपासले होते. मालकाच्या खेपा एकदाही मोजल्या नव्हत्या. जन्मापासून ख्रिस्ती असून देवाची माझी ओळख झाली ती अशी, मासळीबाजाराच्या वळणावर, डोक्यावर वीस कौलं असताना.

साडेपाचला गडी अंगणात ओळीने उभे राहिले. मी वही उघडली.

"शेवटच्यापासून सुरू करा," ओसरीवरून बायको म्हणाली.

छत्रीचं कापड बदलायला ठेवलेले तीन रुपये मी आतून आणले आणि म्हाताऱ्याच्या हातावर ठेवले. त्याने ते मोजले आणि दोन रुपये पुढे केले.

"पात्रांव, तुमचां चुकलां. पन्नास पैशे ठरलेले. हे घेवा, बाकीचे सुटे करून आणतंय."

आमच्याकडे पात्रांव म्हणजे मालक. पण हिशोबात चुकलो असं मला कोणी म्हटलेलं खपत नाही.

"चुकलां नाय. ठेवा."

मग इतर चौघांना तीन-तीन दिले. सगळ्यात थोरला गडी पैसे खिशात घालेना.

"पात्रांव, ह्यो हिशोब खंयचो? आमी दिवसभर उन्हात कौलार, आणि ह्येंका तितकेच?"

"तुका ठरल्याप्रमाणे गावले मां?"

"गावले."

"मग?"

हे उत्तर माझं नव्हतं. गुरुवारी ते मालकाच्या तोंडी वाचताना मला त्याचा रागच आला होता.

"मग कायेक नाय," गडी म्हणाला. "फुडच्या वर्षी मी चार वाजताच येतलंय."

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. छत्री त्या पावसाळ्यात ठिगळावरच चालवली.

एकूण दिले रुपये पंधरा: चार गड्यांना बारा, कोणी न नेलेल्या माणसाला तीन.