तळ्यावर चरणारी शेळी

ही वही कोणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे टिटवी चिखलातून पळत गेल्यासारखं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातली निम्मी चौथी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन झाली. त्यामुळे कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, हे मी अंदाजानं देते. वहीच्या पुढच्या बाजूनं पक्ष्यांची यादी आहे. मागच्या बाजूनं ही शेळीची हकिकत लिहिते.

आमचं गाव सेलू तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगाला तळं आहे. बावीस वर्षं मी तिथं कपडे धुते. थंडीत पाण्यावर पाखरं उतरायची, ती सगळी माझ्या लेखी बदकं. लहान असली तर लहान बदकं.

मागच्या थंडीत एक निवृत्त गुरुजी दर रविवारी वर्ध्याहून स्कूटरवर येऊ लागले. डोळ्याला दुर्बीण लावायची आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. एकदा ते डबा खायला बसले आणि दुर्बीण बाभळीला अडकवली. म्हणाले, "पाहता का बाई?" मी मानेनंच नाही म्हटलं. मी परक्या माणसाशी बोलत नाही, घरच्यांशीही बेतानंच बोलते. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी माझ्या आईला निरोप पाठवला होता की मुलगी बोलते ना, तेवढं कळवा. पण गुरुजी भाकरीकडे वळले तशी मी हळूच दुर्बीण उचलली. पाण्यावरच्या एका पाखराचा डोळा दिसला. लाल, गोल, ओला. तो थेट माझ्याकडेच पाहत होता. मी लाजून दुर्बीण खाली केली.

त्या दिवशी रात्रभर मला तो डोळा दिसत राहिला. ते पाखरू बदक नव्हतंच, टिबुकली होती, हे गुरुजींनी पुढच्या रविवारी सांगितलं. यादी कशी ठेवायची तेही सांगितलं. पाखरू कोणतं, किती, कुठं बसलं, काय करत होतं. समुद्राकाठी खाडीच्या चिखलात अशी पाखरं इतकी उतरतात की एका सकाळी वहीची पानं संपतात, म्हणाले. मी समुद्र पाहिलेला नाही. पण लांब लाल पायांचा शेकाट्या तिथंही असतो आणि आमच्याही तळ्यावर येतो, हे ऐकून मला समुद्र सेलूच्या थोडा पुढं असल्यासारखा वाटला. जाताना गुरुजी म्हणाले, "मुलानं नवी दुर्बीण पाठवली आहे. ही जुनी तीन हजारात देऊन टाकीन."

तीन हजार आणायचे कुठून? तर बचत गटातून.

आमच्या गटाच्या अध्यक्ष म्हणजे गावातल्या एक काकू. चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला, आवाज तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. त्यांचा एक नियम पक्का होता. ज्या कारणासाठी कर्ज घ्याल तीच वस्तू घरी दिसली पाहिजे. नाही दिसली तर उरलेली सगळी रक्कम महिन्याभरात एकदम भरायची. एकीनं शिलाई मशीनसाठी पैसे घेऊन कूलर घेतला होता. काकूंनी तो कूलर विकायला लावला, तोही ऐन उन्हाळ्यात.

पावसाळ्यात बैठक झाली. मी धीर करून हात वर केला.

"कायले पायजे वं पैसे, सूनबाई?" काकूंनी विचारलं.

मी घरून वाक्य तयार करून आणलं होतं. पण वीस बाया माझ्याकडे वळल्या आणि ते वाक्य पोटात उतरलं. तेवढ्यात माझी चुलत जाऊ म्हणाली, "मी सांगतो. शेळीसाठी पायजे तिले. रोज माह्या गोठ्यापाशी उभी राहून शेळीकडे पाह्यत राह्यते."

मी उभी राहत होते हे खरं. पण तिच्या गोठ्याच्या कौलावर एक खंड्या येऊन बसायचा, त्याच्यासाठी.

"शेळी ना?" काकूंनी विचारलं.

नाही म्हणायचं तर मग काय, हे सांगावं लागलं असतं. मी मान हलवली. काकूंनी रजिस्टरात कारण लिहिलं, शेळी. मी सही केली आणि तीन हजार मोजून घेतले. दर महिन्याला तीनशे रुपये आणि व्याज, असे दहा हप्ते. गुरुजींना वर्ध्याला पैसे पोचवून दुर्बीण आणली आणि ती तुरीच्या डाळीच्या डब्यात गेली.

त्या पावसाळ्यात मी जितके कपडे धुतले तितके कोणी धुतले नसतील. धुतलेल्याच चादरी पुन्हा नेऊ लागले. घरचे, म्हणजे माझे यजमान, एकदा म्हणाले, "या चादरीतून आता चांदण्या दिसतात." त्यांना दुर्बीण माहीत होती. शेळी माहीत नव्हती.

यादी वाढत होती आणि शेळीही वाढत होती. दर बैठकीला काकू हप्ता घेत आणि विचारत.

"चारा खाते ना?"

मी मान हलवायची.

"गाभण हाय का?"

गर्दीत नाही म्हटलं की कारणही सांगावं लागतं, हो म्हणायला नुसती मान पुरते. म्हणून ती गाभण राहिली.

दिवाळीनंतरच्या बैठकीत काकूंनी स्वतःच बोटांवर महिने मोजले. "म्हंजे व्याली असंन आता. एक का दोन?" मी उत्तर द्यायच्या आत जाऊ म्हणाली, "दोन असतीन, तिचा हात चांगला हाय." झाली दोन करडं. गावात बातमी पसरली. चहाच्या टपरीवर कोणीतरी घरच्यांचं अभिनंदन केलं. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली, गोठ्यात वाकून पाहिलं, परसात पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या घरी शेळी व्याली म्हणे. मले सांगतलं नाई."

मी सगळं सांगितलं. ते खूप वेळ हसले, मग गंभीर झाले. "काकू दुर्बीण विकायले लावतीन," म्हणाले. तेच मलाही वाटत होतं. तीन हजाराची भीती नव्हती, हप्ते मी कापूस वेचून भरतच होते. पण तो डबा उघडून रिकामा दिसला असता तर, याची भीती होती.

डिसेंबरात गुरुजी आले. मी माझी वही पुढं केली. त्रेचाळीस जाती झाल्या होत्या. एवढा अभिमान मला फक्त एकदा वाटला होता, पुरणपोळी न फुटता तव्यावर पडली तेव्हा. गुरुजी पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचत गेले आणि मध्येच थांबले.

"हा पावसाळ्यातला तपकिरी पाठीचा, हा थंडीतला मातकट रेघांचा, आणि हा उडणारा पांढरा. हे तिघं कुठं पाहिले?"

"तळ्याच्या कोपऱ्यात. एकाच जागी," मी म्हटलं.

"एकाच जागी असणारच. हा एकच ढोकरी बगळा आहे. विणीच्या दिवसांत रंग बदलतो, बसला की मातीत मिसळतो, आणि उडाला की पांढरे पंख उघडतो."

त्रेचाळीसाचे एक्केचाळीस झाले. एका बगळ्याचे मी तीन केले होते. घरी येताना वाटलं, यात नवल काय? नसलेल्या एका शेळीचेही मी तीनच केले आहेत.

संक्रांतीच्या सुमाराला काकूंचा निरोप आला. "उद्या तालुक्याच्या मॅडम येऊन राह्यल्या. तुयी यशोगाथा छापाची हाय, फोटोसंगं. शेळीले आंघोळ घालून ठेवजो."

रात्री जाऊ धावत आली. एव्हाना तिला खरं कळलं होतं, कारण तिच्यापाशी मी रडले होते. "माही शेळी घेऊन जाय," म्हणाली. पण तिच्या शेळीचं एक शिंग मोडलेलं होतं, आणि ती शेळी काकूंनीच तिला विकली होती. शिवाय करडं कुठून आणणार?

सकाळी मॅडम आल्या, हातात मोबाईल. काकू नवीन लुगडं नेसून, मागं आठ-दहा बाया. मी दारात कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी.

"कुठे आहे शेळी, ताई?" मॅडमनी विचारलं.

 मी हातानं तळ्याकडे दाखवलं.

"चरायले गेली," काकू म्हणाल्या. "चला, तिथंच फोटो काढू. पाण्याजवळचा चांगला येते."

सगळी वरात तळ्याकडे निघाली. वाटेत काकू मॅडमना माझ्या शेळीचे गुण सांगत होत्या. किती दूध देते, किती शांत आहे. मला स्वतःलाच तिचा लळा लागायला लागला होता.

बांधावर पोचलो. समोर पाणी, गवत आणि पाखरं. काकूंनी डोळ्यावर हात धरून सगळं तळं पाहिलं. "दिसून नाई राह्यली वं."

मी गाठोडं खाली ठेवलं, चादरीतून दुर्बीण काढली आणि काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी डोळ्याला लावली.

"बापा! लयच दूर गेली तुयी शेळी," म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. पण मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच माझं तोंड उघडलं. "काकू, शेळी नाई. कधीच नव्हती. हे घेतलं मी त्या पैशानं. पाखरं पाहाले."

पाण्यात टिबुकलीनं बुडी मारली. काकूंनी दुर्बीण फिरवून पाहिली, जणू शेळी आत असेल. मग मी ती त्यांच्या डोळ्याला सरळ लावून दिली आणि त्यांची मान धरून गवताच्या कडेला वळवली. काकूंच्या मानेला हात लावणारी गावात मीच पहिली असेन.

 काकू म्हणाल्या, "अवो बाई! हिनं तर हळद-कुंकू लावलं!"

"हळदीकुंकू बदकच नाव आहे तिचं," मी म्हटलं. "चोचीचं टोक पिवळं आणि वर दोन लाल ठिपके."

"पाहू द्या ना मले!" मागून जाऊ ओरडली. दुर्बीण हातोहात फिरली. एकीला कुंकू दिसलं, एकीला दिसलं नाही आणि ती रुसली. मॅडमनी दोनदा पाहिलं. मग मोबाईल पिशवीत ठेवत म्हणाल्या, "पण मी लिहू काय?"

"लिहा, शेळी पाण्यात उतरली," काकू म्हणाल्या, आणि दुर्बीण परत मागून घेतली.

मला वाटलं सुटले. पण संध्याकाळच्या बैठकीत काकूंनी चष्मा लावला. "पाखरं चांगली हाय. पन नियम नियम हाय. राह्यलेले पंधराशे पुढच्या बैठकीले एकदम. नाई तर ते दुर्बीण गटात जमा."   या वेळी मी मान हलवली ती विचार करून हलवली.

तो महिना मी फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर झाडावर पुन्हा येणारा कापूस वेचला, मिळेल त्या शेतात. जाऊ तिच्या घरचं उरकून माझ्या ओळीत येऊन वेचायची आणि आपला कापूस माझ्या गाठोड्यात टाकायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "शेळी मीच आणली ना तुह्या घरी?" दुर्बीण डब्यातच होती. त्या महिन्याच्या पानावर फक्त चार नावं आहेत, तीही कमर सरळ करताना आभाळात दिसली तेवढीच.

पुढच्या बैठकीला मी पदराच्या गाठीतून पैसे सोडले. घामानं नोटा मऊ झाल्या होत्या. काकूंनी अंगठा ओला करून दोनदा मोजल्या, पंधराशे आणि वर महिन्याचं व्याज. मग रजिस्टर उघडून माझं पान काढलं.

"कारण खोडू का?" त्यांनी विचारलं. "दुर्बीण लिहू?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. "राहू द्या काकू," मी मोठ्यानं म्हटलं. "एवढी सांभाळली तिले."

काकूंनी शेळी तशीच ठेवली. उद्या तळ्यावर किती वाजता जायचं, असं मला हळूच विचारलं आणि शेळीच्या पुढं लिहिलं, पूर्ण फेड. खाली मी सही केली.