आजाऱ्याची कॉफी

मिरजेला नर्सिंग शिकताना धारवाडकडच्या मैत्रिणीने मला कॉफीची चटक लावली आणि स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी माझी नेमणूक झाली चिंचवडला. इथे चांगली कॉफी मिळत नव्हती असं नाही. स्टेशनाजवळ एका उडपी अण्णांचं हॉटेल होतं. सकाळी बसची वाट पाहत उभी असले की कॉफीचा वास रस्ता ओलांडून यायचा आणि माझा जीव कासावीस व्हायचा. पण एकट्या बाईने आत बसायचा रिवाज नव्हता. हिरव्या पडद्याआड फॅमिली रूम होती, तीही नवऱ्याबरोबर नाहीतर भावाबरोबर आलेल्या बायकांसाठी.

एकदा धीर करून आत गेले. अण्णांनी माझ्या मागे पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "बरोबर कोण आहे, ताई?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी कॉफी बाहेर पाठवली. धुळीत उभी राहून, लोकांच्या नजरा झेलत प्यायले. मी मुळात तापट. पुन्हा ती पायरी चढायची नाही असं ठरवून टाकलं.

मग कामासाठी गावोगाव हिंडताना कॉफी शोधू लागले. मोशीत गुळाचा चहा, चाकणच्या बाजारात उकळून काळा झालेला चहा. महाळुंग्यात एका घरी मी सुनेचं बाळंतपण केलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या सासूने विचारलं, "बाई, च्या टाकू?"

"कॉफी आहे का?"

"आगं बया!" म्हणत तिने माझ्या कपाळाला हात लावला, घोंगडी अंथरली आणि मला आडवं केलं. त्या गावात कॉफी फक्त आजाऱ्याला देत. डब्यात जपून ठेवलेली कॉफीची वडी तिने जायफळ घालून उकळली. मला काही झालेलं नाही, हे सांगून मी थकले.

"आजारी मानसं आसंच म्हनत्यात," ती म्हणाली.

हसू येत होतं, तरी मी पडून राहिले. आई गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता.

पुढे ती डोळे दाखवायला चिंचवडला आली. परतीच्या बसला वेळ होता. "तुजी ती कापी हितं मिळती का?" तिने विचारलं. मी हॉटेल दाखवलं आणि तिथला रिवाजही सांगितला. तिने माझं मनगट धरलं आणि थेट पायऱ्या चढली. अण्णा आमच्या मागे पाहणार, तोच तिने आवाज चढवला, "माज्या लेकीला बरं न्हाई. कापी द्या, आन् बसू द्या तिला!"

अण्णांनी लगबगीने पडदा सारला, खुर्ची पुसली. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लई कडू. पर औशीद कडूच आसायचं." माझे डोळे भरून आले. तिने पुन्हा माझं कपाळ चाचपलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पायऱ्या चढले. अण्णा गल्ल्यावरून उठले. या वेळी त्यांनी माझ्या मागे पाहिलं नाही. पडद्याला हात घालत काळजीने विचारलं, "अजून बरं वाटत नाही का, ताई?"

अजून बरं नाही म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

"ठणठणीत बरी आहे," मी म्हटलं आणि पडद्याच्या अलीकडे, पहिल्याच टेबलाशी बसले. "एक कॉफी द्या."

अण्णा जरा घुटमळले. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि माझ्यापुढचं टेबल पुसलं.